दत्तारामानं मागे घेतलेली मोजणी

दत्ताराम उतेकराला माणसं लक्षात राहायची नाहीत, दात राहायचे. महाडच्या बाजारात कुणी रामराम घातला की हा पठ्ठ्या आधी त्याच्या ओठांच्या आत बघायचा आणि म्हणायचा, "हां हां! खालची उजवी दाढ. काय म्हणतेय आता?" नाव विचारा, गाव विचारा, की लगेच त त प प. त्याची बायको रंगूबाई चारचौघींत सांगायची, "लग्नात मधे अंतरपाट होता म्हणून निभावलं गो, नायतर यांनी मंगलाष्टकं थांबवून माझं तोंड उघडायला लावलं असतं."

माणूस शेतकऱ्याच्या घरचा. मिसरूड फुटायच्या आत गावच्या चौघांबरोबर मुंबईला गेला. ते चौघे गिरणीत लागले. हा गिरगावात एका पारशी दाताच्या डॉक्टरकडे झाडू मारायला राहिला. झाडू मारता मारता भांडी उकळायला लागला, मग साचे ओतायला, कवळ्या घासायला, आणि पारशीबाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा पक्कड आपसूक याच्या हातात आली. बाबा वारले तसा दत्ताराम परतला आणि तीस सालच्या सुमाराला महाडच्या बाजारपेठेत त्यानं पाटी लावली, 'दातांचा दवाखाना'. पदवी नव्हती. त्या काळी दात काढायला पदवी लागत नव्हती, मनगट लागायचं, आणि ते त्याच्याकडे होतं.

पण गावातले पदवीवाले डॉक्टर त्याला 'दातपाड्या' म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण महाडात पाठीमागे बोललेलं दिवेलागणीपर्यंत तोंडासमोर येतंच. दत्तारामाला ते फार झोंबायचं. आपण नुसते हमाल नाही, आपल्यालाही डोकं आहे, हे एकदा यांना दाखवायचंच, असं त्यानं मनाशी घेतलं. आणि त्यानं मनाशी घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

संधी मिळाली ती मिशरीत. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना चोळायची, हे आपल्याकडे घरोघर. 'मिशरीनं दात दगड होतात' असं त्याची आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची. दत्ताराम म्हणाला, म्हणतात सगळे, मोजून कुणी बघितलंय? विचार चांगला होता, अगदी सोन्यासारखा. खोट विचारात नव्हतीच मुळी.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला कड्याखाली तीन वाड्या होत्या: वरची वाडी, मधली वाडी आणि उंबराची वाडी. मिशरी तिथे घरागणिक. दत्तारामानं दांडीचा छोटा आरसा घेतला, वही घेतली आणि सर्व्हिस मोटारीनं पोलादपूर, तिथून पायवाटेनं वर. कार्तिकात एक वाडी केली, मार्गशीर्षात दुसरी, पौषात तिसरी. देवळापुढे उन्हाकडे तोंड करून माणसं बसवायची, आरसा आत घालायचा, दात मोजायचे, किडके किती ते लिहायचं. वाड्यांचा मुखिया, गावकर रावजी, पिळदार मिशांचा वयस्क माणूस, स्वतः उभा राहून एकेकाला पुढे धाडायचा. आणि काय दात! पांढरेशुभ्र, बळकट, एकाला एक लागून. शंभरात नव्वद तोंडं अशी की कीड औषधालाही सापडू नये. दत्ताराम हरखून गेला. एका जवानाच्या वरच्या सुळ्यामागे आणखी एक इवलासा दात होता; जन्मात क्वचित दिसावा असा. मधल्या वाडीत तसाच दात पुन्हा दिसला. उंबराच्या वाडीत पुन्हा. दत्तारामाच्या काळजात तेव्हा काहीतरी टोचलं होतं. नाही असं नाही. पण मनात लेख आकार घेत होता, त्यात हा दात फार शोभत होता, म्हणून त्यानं वर मान करून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे काही बघितलं नाही.

मुंबईच्या 'दंतहित' नावाच्या मासिकानं लेख छापला. 'मिशरी आणि दंतक्षय: पोलादपूर भागातील प्रत्यक्ष मोजणी', खाली नाव: दत्ताराम उतेकर, महाड. मिशरी लावणाऱ्यांचे दात किडत नाहीत असं त्यात ठणकावून लिहिलं होतं, आणि या डोंगरात जादा दाताचं प्रमाण मोठं आहे असंही होतं. अंक आला त्या दिवशी दत्तारामानं बाजारपेठेत पेढे वाटले. पदवीवाल्या एका डॉक्टरनं पेढा घेतला आणि "वा, उतेकर" म्हणाला. रंगूबाई सांगते की त्या दिवशी हा माणूस घरी येऊन उगाच रडला.

तंबाखूचा व्यापारी मोरूशेठ तर दुसऱ्या दिवशी दारात हजर. त्यानं तयार मिशरीचे डबे काढले आणि त्यावर छापलं, 'महाडचे दातांचे डॉक्टर उतेकर यांनी मोजून सिद्ध केलेली'. आपल्या पेढीशेजारची ऐसपैस खोली त्यानं दवाखान्याला देऊन टाकली. डबे महाडात खपले, बिरवाडीत खपले, पोलादपुरात खपले. ज्या घरांत मिशरी नव्हती त्या घरांतही ती शिरली. डॉक्टरनंच सांगितलंय म्हटल्यावर कोण नको म्हणतंय?

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला तुळसा नावाची एक बाई लेकीला कडेवर घेऊन आली. पोर सहा-सात वर्षांची असेल. डोळे फिरवत होती, लाळ गळत होती, वाटेत दोनदा ओकली होती. दत्तारामानं ओठ वर केला तर हिरड्या काळ्याशार.

"मिशरी लावतेस हिला?"

"व्हय. रोज. सकाळ-सांज."

"कधीपासून?"

"तुमी छापल्यापासनं," तुळसा म्हणाली. वर अभिमानानं म्हणाली, "आमच्या घरात कुणाला सवय नव्हती. मास्तरांनी वाचून दावलं, मंग चालू केली."

दत्तारामानं तांब्या घेतला. पोरीचं तोंड धुऊन काढलं, पाणी पाजलं, म्हणाला, लहानग्यांना नको लावू. तुळसा म्हणाली, "पन छापलंय त्यात लहान-मोठं कुठं हाय?" खरंच नव्हतं. त्यानं काहीतरी पुटपुटून तिला वाटेला लावलं आणि मनाची समजूत घातली की पोरीला उपाशीपोटी लागली असेल. समजूत काही पटेना.

आणि दसऱ्यानंतर हैबती आला.

गालाला फडकं बांधलेला, सुजलेला तरणा गडी. "डाक्टर, लई ठनकतंय," एवढं म्हणून त्यानं तोंड उघडलं. दत्तारामानं आरसा आत घातला. वरचा सुळा, सुळ्यामागे इवलासा दात, त्याच्या कडेला तपकिरी चरा. हात तिथेच थांबला. हा दात त्यानं तीनदा बघितला होता. तिन्ही वेळा तोच तपकिरी चरा, त्याच जागी. माणूस विसरेल, पण दात? त्यानं आरसा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा रोग्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"तुझी वाडी कुठली?"

"उंबराची."

"मग वरच्या वाडीत कसा बसला होतास? आणि मधल्या?"

हैबतीनं जमिनीकडे बघितलं. मग ठणका जास्त की लाज जास्त, याचा हिशेब करून म्हणाला, "आता तुमच्या हातात पक्कड हाय, खोटं कशाला बोलू? आमाला रावजीतात्यानं धाडलं. तिन्ही वाड्यांतले चांगल्या दातांचे आमी गडी हेरले. जी वाडी असंल तिथं आमीच बसायचं. किडक्यांनी रानात जायचं."

"पण का रे? कशासाठी?"

"भरतीसाठी! दुसरं कशासाठी? मागल्या लढाईत साहेब आला व्हता. छाती मोजली, दात बघितले, आनि किडके व्हते त्यांना म्हनला, जा घरी. रावजीतात्याला तसाच माघारी धाडलान्. आता गिरन्या बंद पडल्यात, निम्मी पोरं मुंबईहून परत आलीत. तुमी आलात, वही घेऊन, दात बघायला. आमी म्हनलं भरतीच निघाली. बोलायचं नाय असा सायबांचा हुकूम असंल."

दत्ताराम स्टुलावर बसला. मग सगळ्यात वाईट प्रश्न त्याला सुचला. "आणि मिशरी? किती वर्षं लावतोस तू?"

"मी?" हैबती दुखऱ्या गालानंही हसला. "आमी बाप्ये कशाला लावू? ती बाया लावतात."

आता बोला! तीन महिने डोंगर तुडवून या शहाण्यानं मिशरी लावणाऱ्या बायकांऐवजी न लावणाऱ्या पुरुषांची तोंडं मोजली होती, आणि तीही वेचून पुढे केलेली, तीही एकेक तीनदा. बायका परक्या बाप्यापुढे तोंड उघडत नव्हत्या, म्हणून घरात मिशरी आहे म्हणजे सगळेच लावतात, असं धरून हा मोकळा झाला होता. हसावं की रडावं? दत्तारामानं हैबतीची दाढ काढली, कापूस दिला आणि दार लावून घेतलं.

रंगूबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फसवलं ते त्यांनी. तुमचा काय दोष?"

"दात दिसला होता गो मला," दत्ताराम म्हणाला. "तीनदा दिसला. आणि मी वर बघितलं नाही. त्यांनी फसवलं एकदा. मी स्वतःला तीनदा."

दुसऱ्या दिवसापासून या माणसाचा हट्ट उलटा फिरला. जितक्या जिद्दीनं लेख छापून आणला होता तितक्याच जिद्दीनं आता तो मागे घ्यायचा. बाणकोटच्या वाटेनं बोट धरून तो थेट मुंबईला 'दंतहित'च्या कचेरीत गेला. संपादक गृहस्थ सुसंस्कृत होते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"उतेकर, तुमचा प्रामाणिकपणा मला भावला," ते म्हणाले. "पण छापलेलं मागे घ्यायची आमच्याकडे वहिवाट नाही. वाचकांना काय वाटेल? तुम्ही नवी मोजणी करा. वेगळी निघाली तर नवा लेख म्हणून छापू."

"आणि जुना?"

"जुना जुना होईल. लोक विसरतात."

"लोक विसरत नाहीत हो. लोक पोरांच्या हिरड्यांना लावतात. खोटं आहे, एवढा एक शब्द छापा."

"पुराव्याशिवाय? मोजणी खोटी, हे तुमच्या एका रोग्यानं सांगितलं. नवी मोजणी आणा."

इथे मात्र संपादकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच दत्ताराम जास्त चिडला. परत आला तो तडक मोरूशेठकडे गेला आणि म्हणाला, डब्यावरचं माझं नाव काढा. मोरूशेठ गादीवर रेलून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, आपल्या पायावर कुऱ्हाड मारताय ती मारा. माझ्या पायावर कशाला? मिशरी वाईट आहे का?"

"मला माहीत नाही."

"झालं तर मग!"

"चांगली आहे हेही माहीत नाही, शेठ. माहीत आहे असं मी म्हणालो, ते खोटं."

हा फरक मोरूशेठला कळला नाही, किंवा फार चांगला कळला. आठवड्याच्या आत दवाखान्याचं सामान रस्त्यावर आलं. खुर्ची, पाण्याची तोटी, कवळ्यांचे साचे, सगळं बाजारपेठेत उन्हात. जाणारे-येणारे बघत होते. पदवीवाला तोच डॉक्टर बघून गेला, पण थांबला नाही. रंगूबाईनं पदर खोचला आणि एकेक वस्तू घरच्या पडवीत नेऊन लावली. "बसा इथं," म्हणाली. "दात दुखला की माणूस उकिरड्यावरसुद्धा शोधत येतो."

मग दत्ताराम पुन्हा वाड्यांवर गेला, या वेळी रंगूबाईला घेऊन, म्हणजे बायकांची तोंडं ती बघेल. पण एकही तोंड उघडेना. भरती नाही म्हटल्यावर कशाला उघडतील? आणि खोटेपणा उघडा पडायची भीती वेगळीच. रावजी देवळाच्या पायरीवर बसला होता. मिशांवर हात ठेवून म्हणाला, "काय बघायचं ते बघून झालं, डाक्टर. छापून पन झालं. आता उगा उकरू नका." बायकांनी पदर तोंडाशी धरले आणि आत निघून गेल्या. पोरं मात्र मागे मागे आली. एकीच्या बोटाला काळी पूड होती. रंगूबाईनं ते बोट पदरानं पुसलं.

दत्ताराम पुन्हा गेला. पुन्हा हात हलवत आला. माघात गेला, तेव्हा कुत्री भुंकायचीसुद्धा थांबली होती.

"शिमग्याला जाऊ," तो रंगूबाईला म्हणाला. "मुंबईकर येतात, माहेरवाशिणी येतात. तिन्ही वाड्या एका जागी. सगळ्यांसमोर सांगेन. एकदा खोटं म्हणून मानलं की तोंडं उघडतील."

बेत चांगला होता. एक गोष्ट तेवढी या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही: शिमग्याला बोललेलं कोण खरं धरतं?

होळीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलता कलता, वाघजाईची पालखी वाड्यावाड्यांतून नाचत सहाणेकडे, ती ठेवायच्या चौथऱ्याकडे, निघाली होती. खालूबाजा दणाणत होता, सोंगं नाचत होती, रंग उडत होता. दत्ताराम रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ऐका हो! मी महाडचा दातांचा डॉक्टर! मिशरीनं दात किडत नाहीत असं मी छापलं, ते खोटं आहे!"

मग जो हशा पिकला, जो हशा पिकला! "बोंब मारा रे डाक्टराच्या नावानं!" कुणीतरी ओरडलं, आणि शंभर तोंडांवर शंभर हात गेले. मुंबईहून आलेला एक जण म्हणाला, "डाक्टर दिवसाढवळ्या टाइट!" दत्ताराम ओरडत राहिला, खोटं आहे, खोटं आहे, तसतशी बोंब चढत गेली. रंगूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र गडग्यावरून उतरेना.

पालखी समोर आली. पुढच्या दांड्याखाली हैबती होता. त्या वाड्यांची एक जुनी रीत होती: पालखीखाली खांदा असताना बोललेलं देवीला पोचतं, तिथे थट्टा नाही. दोन भाऊ बांधावरून भांडले की गावकर त्यांना पालखीखाली उभं करून विचारायचा, आता सांग. हे हैबतीनं त्या क्षणी सांगितलं, मान वळवून, हळूच. "डाक्टर, तिथनं वरडून काय व्हनार नाय. इकडं या."

"बाहेरचा मानूस खांदा देत नाय!" रावजी पुढे होऊन म्हणाला.

हैबती दांड्याखालून बाजूला सरला. पालखी तिरकी झाली, बायकांनी "आई गो!" केलं, आणि दत्तारामानं उडी मारून खांदा खाली घातला. आता त्याला बाजूला करायचं तर पालखीच टेकवावी लागली असती, आणि वाटेत पालखी टेकवायची नसते. रावजीचा हात हवेत राहिला. खालूबाजा बंद झाला.

"वाघजाई आई," दत्ताराम म्हणाला. ओरडला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी तीन वाड्यांची मोजणी छापली, ती खोटी. एकच तोंड मला तीनदा दाखवलं. मला ते कळत होतं. पण मला मोठं व्हायचं होतं, म्हणून मी कळू दिलं नाही. मिशरी लावणाऱ्या एकाही बाईचं तोंड मी बघितलं नाही. मिशरी चांगली की वाईट, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं म्हणालो, आणि लोकांनी पोरांच्या तोंडात घातली. ते माझ्यामुळं. छापलेलं मी मागे घेतो."

कुणी हसलं नाही. दांडा खांद्यात रुतत होता, घाम डोळ्यांत जात होता.

"तोंड दावनारा मी," हैबती म्हणाला. "तिन्ही वाड्यांत."

"मी पन," मागच्या दांड्याखालचा एक जण म्हणाला. मग आणखी एक. आणि मग सगळे रावजीकडे बघायला लागले. रावजीनं पालखीकडे बघितलं, मुंडासं काढलं आणि पुढे येऊन दांड्याला हात लावला.

"मी धाडली सगळ्यांना," तो म्हणाला. "माझ्या दातांपायी माझी भरती गेली. संगतीचे गेले. काही आले, काही तिकडंच ऱ्हायले, पन गेले. मी पंधरा-सोळा वर्सं मिशीमागं तोंड लपवून बसलो. पोरांचं तसं व्हायला नको व्हतं रे मला. दुसरं काय नव्हतं मनात." मग त्यानं डोळे पुसले आणि थोडं रागानंच विचारलं, "मंग आता काय पायजे तुला?"

"तोंडं," दत्ताराम म्हणाला. "खरी. किडकी आधी. आणि बायकांची."

बायका पलीकडे घोळक्यानं उभ्या होत्या. सगळ्यांचे पदर तोंडावर. एकही हलेना. रंगूबाई त्यांच्याकडे बघत होती, त्या जमिनीकडे. दत्तारामाला वाटलं, संपलं. एवढं करून संपलं. दांडा घेऊन तो सहाणेपर्यंत जाईल, मग खाली उतरेल, मग महाड.

तेवढ्यात घोळक्यातून रावजीची म्हातारी काकी बनुबाई बाहेर आली. तिन्ही वाड्यांत मिशरी भाजायला तिच्याइतका तयार हात दुसरा नव्हता. नव्या सुनांना ती शिकवायची. काठी टेकत ती सगळ्या बाप्यांमधून चालत आली, दत्तारामाच्या समोर थांबली आणि तिनं पदर खाली घेतला. रावजी म्हणाला, "काकी, अगो..." तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंड उघडलं. आत हिरड्या मागे सरलेल्या, चार-दोन काळे खुंट, एक दाढ हलती.

"मिशरीनं गेले का वयानं गेले, मला ठाव नाय," ती म्हणाली. "तुला पन ठाव नाय म्हनतोस. मंग घे, माझ्यापास्नं चालू कर. ही बघते व्हय तुझी बायको? बघ गो, नीट बघ." तिनं रंगूबाईचा हात धरून स्वतःच्या हनुवटीला लावला आणि पालखीखालच्या दत्तारामाला बजावलं, "आनि जे दिसंल तेच लिही, बाबा. कमी दिसलं तर कमी."